ड्युटी लिस्ट आणि रक्तदाब

मी परिचारिका आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स करून नागपूरला आले आणि धंतोलीच्या खासगी रुग्णालयांत कामाला लागले. खोली रामबागेत, पण आयुष्यातला जागता भाग जवळजवळ सगळा धंतोलीत गेला. तिथे काम करता करता माझी तब्येत कशी बिघडली, ती का बिघडली आणि काय बदलल्यावर सावरली, हे मला लिहायचे आहे. माझ्या अनेक मैत्रिणींची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणी अजून हिला ‘आपलंच अंग नाजूक’ असे म्हणतात.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. पंचशील चौक, लोकमत चौक, मेहाडिया चौक आणि अजनीकडे जाणारा रस्ता यांच्या मधली धंतोली ही एकेकाळची बंगल्यांची शांत वस्ती. यशवंत स्टेडियम इथले, रामकृष्ण मठ इथला, टिळक विद्यालयही इथलेच. आता मात्र गल्लोगल्ली रुग्णालये, प्रयोगशाळा, स्कॅन सेंटर आणि औषधांची दुकाने आहेत. गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूर तर झालेच, पण मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटहूनही पेशंट इथे येतो. गाड्या लावायला जागा उरली नाही म्हणून रहिवासी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. रस्त्यावरची ही गर्दी सगळ्यांना दिसते. आत रात्रभर उभी असलेली माणसे मात्र कोणाच्या हिशेबात नसतात: सिस्टर, ब्रदर, मावशी, वॉर्डबॉय, लॅबचा टेक्निशियन, औषध दुकानावरचा मुलगा, कॅशलेसच्या फायली पाठवणारी मुलगी.

मी बरीच वर्षे रात्रपाळी केली. इथल्या लहान रुग्णालयांत तीन पाळ्या परवडत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी आठ ते आठ असे बारा-बारा तासच चालतात. आमच्याकडे तसेच होते. रात्री आठला ओव्हर, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंटचा ताबा, घ्यायचा. चार नंबरच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, ड्रेन किती भरली ते पाहायचे. सात नंबरला जेवणाआधी इन्सुलिन. नऊचे आजोबा रात्री उठून सलाईन ओढतात, लक्ष ठेवायचे. ओव्हर संपेपर्यंत दोन खोल्यांच्या बेल वाजलेल्या असायच्या. मजल्यावर मी आणि एक मावशी. अतिदक्षता विभागातली सिस्टर जेवायला बसली की तिचेही पेशंट तेवढा वेळ माझ्याच नजरेखाली.

लोकांना वाटते रात्री काम कमी असते. दहा ते बारा औषधांची फेरी, मग नवीन भरती. अपघाताचा पेशंट बहुधा मध्यरात्रीनंतरच येतो. पहाटे चारपासून सगळे एकदम अंगावर येते. रक्ताचे नमुने काढायचे, ग्लुकोमीटरने साखर पाहायची, लघवीच्या पिशव्या मोजून रिकाम्या करायच्या, ताप-नाडी-बीपी लिहायचे, स्पंज द्यायचा, चादरी बदलायच्या. हे सगळे राउंडच्या आधी कागदावर चढलेले हवे. ज्या वेळी शरीर झोपेसाठी सर्वांत हट्ट धरते, नेमक्या त्याच वेळी आम्ही इंजेक्शनचे डोस मोजत असतो. मी डोस काढून झाल्यावर व्हायलवरचे नाव पुन्हा मोठ्याने वाचत असे. समोर कोणी नसले तरी वाचत असे, कारण त्या घडीला डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

सकाळी आठला सुटी. पण पुढची सिस्टर आली नाही की इन्चार्जचा फोन यायचा, ‘दोन तास थांब, बदली पाहून राहिली मी.’ दोनाचे चार व्हायचे. त्या तासांची नोंद कधी व्हायची, कधी नाही.

घरी गेल्यावर झोप यायची नाही. अंग मोडून आलेले आणि डोके टक्क जागे. सातच्या इन्सुलिनची वेळ लिहिली ना? नऊच्या आजोबांच्या खाटेची कड वर लावली ना? डोळा लागला तर झोपेत मॉनिटरचा आवाज यायचा आणि मी दचकून उठायचे. शेजारच्या कुकरची शिटी झालेली असायची. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोपून पाहा, म्हणजे कळेल. पारा पंचेचाळिसाच्या पुढे, कूलरमध्ये पाणी घालायला दर थोड्या वेळाने उठायचे, आणि मध्येच वीज गेली की संपले. चार तास झोप मिळाली तर तो दिवस चांगला.

आजार एकदम आला नाही. आधी भूक बिघडली. रात्री दोनला चहा आणि बिस्किटे, सकाळी घरी जाऊन कालची पोळी, दुपारी काहीच नाही. मग छातीत जळजळ सुरू झाली. पेशंट सोडून जाता येत नाही म्हणून लघवी रोखायची, आणि सारखे जावे लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचे. त्यातून लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा. मासिक पाळी कधी पंचविसाव्या दिवशी, कधी दोन महिन्यांनी. पेशंटला कुशीवर वळवताना कमरेत चमक भरायची. घरी नवऱ्याने साधे ‘भाजी काय आणू?’ विचारले तरी मी चिडायचे. सुटीच्या दिवशी दिवसभर झोपूनही संध्याकाळी उठताना अंग तसेच जड. झोपेने जात नाही असा थकवा असतो, हे मी नर्सिंगच्या पुस्तकात वाचले होते. स्वतःच्या अंगात तो ओळखायला मला फार वेळ लागला.

तो ओळखला एका शिकाऊ मुलीने. एएनएमची ट्रेनिंग करणारी मुलगी होती, गोंदियाकडची. तिला बीपी मोजायला शिकवत होते. पेशंटवर आधी नको, माझ्या हातावर घे, म्हटले. तिने पट्टी बांधली, पंप केला, हवा हळूहळू सोडली आणि गप्पच झाली. ‘किती?’ मी विचारले. ‘मॅडम, माह्यं चुकलं असन, पुन्हा मोजते,’ ती म्हणाली. पुन्हा मोजले, दुसऱ्या हातावर मोजले. शेवटी मीच यंत्र घेतले. 158 वर 102. तेव्हा माझे वय पस्तिशीच्या आत होते. फरशी पुसता पुसता मावशी थांबल्या. ‘बाई, तुमी पेशंटले टायमावर गोळ्या देता, अन् सोताकडे काऊन पाहून नाही राहिल्या?’

धंतोलीत डॉक्टर शोधायला लांब जावे लागत नाही. ज्या फिजिशियनकडे गेले त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड, किडनी, साखर तपासली. बाकी ठीक होते. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रिपोर्ट बाजूला ठेवून ते म्हणाले, ‘आता तुमची ड्युटी लिस्ट दाखवा.’ मला वाटले रजेच्या दाखल्यासाठी हवी असेल. मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो एक्स-रे पाहावा तसा मोठा करून नीट पाहिला. सलग रात्री किती, मध्ये सुटी कुठे, रात्रीनंतर लगेच दिवसपाळी कितीदा, एका रात्री पेशंट किती, जेवायला कधी बसता, सगळे विचारले. इतक्या वर्षांत माझ्या तब्येतीसाठी हे प्रश्न मला कोणीच विचारले नव्हते.

त्यांनी समजावले ते असे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण 10 ते 20 टक्के उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढी विश्रांती रोज लागते. रात्री जागून दिवसा तुटक झोपणाऱ्याला ती पुरती मिळत नाही. तेच जेवण सकाळी घेतले तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते, कारण रात्री शरीर साखर पचवायच्या तयारीत नसते. त्यात सतत धास्ती असली की ताणाची संप्रेरके वर राहतात, नाडी जलद, दाब चढा, झोप उथळ. झोप उथळ म्हणून दुसऱ्या दिवशी तोच ताण जास्त वाटतो, आणि चक्र पुढे चालते. गोळी त्यांनी लिहून दिलीच. ‘पण ही ड्युटी लिस्ट अशीच राहिली तर माझी गोळी एकटी किती लढेल?’ असेही म्हणाले.

नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त. 2016 या एका वर्षात अशा लांब तासांशी जोडलेले मृत्यू जगभरात 7 लाख 45 हजार. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे 72 तास. हा गुणाकार धंतोलीतली कोणतीही सिस्टर बोटांवर करू शकते. रात्रपाळीचे काम कर्करोगास बहुधा कारणीभूत असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये म्हटले आणि 2019 मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवले.

मात्र सगळा दोष तासांचा नाही, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या काही मैत्रिणी शेतात उन्हातान्हात माझ्याइतकेच राबतात. त्यांना थकवा येतो, पण उठल्यावर उतरतो. आम्हाला जास्त पोखरले ते हातात काहीच नसण्याने. उद्याची पाळी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर कळायची. भावाच्या साखरपुड्याला सुटी मिळेल की नाही, आदल्या दिवसापर्यंत माहीत नाही. डिपॉझिट भरले नाही म्हणून नातेवाइकाला समज द्यायची ती सिस्टरने. बिल का वाढले ते सांगायचे सिस्टरने. डॉक्टर उशिरा आले तर शिव्या खायच्या सिस्टरने. निर्णय एकही आमचा नाही आणि उत्तरे सगळी आमच्याकडून. रुग्णालयातल्या मारहाणीविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे. पण रात्री दीडला आठ-दहा माणसे काउंटरवर हात आपटत असतात तेव्हा छातीतली धडधड त्या कायद्याने थांबत नाही.

रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने 1979 मध्ये हेच मांडले होते: कामाची मागणी जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, अशा जागी ताण सर्वांत जास्त. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1967 पासून जे दीर्घ अभ्यास झाले त्यांत हृदयविकाराने मरणाऱ्यांत वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायऱ्यांवरची माणसे जास्त आढळली. मला ते वाचून आमच्या मावशी आठवल्या. त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या होत्या. त्यांना बसायला स्टूलही नव्हते, आणि स्टूल मागायचे कोणाकडे हेही ठाऊक नव्हते.

2021 च्या एप्रिलमध्ये नागपुरात करोनाची दुसरी लाट आली तेव्हा हे सगळे टोकाला गेले. खाटांसाठी, ऑक्सिजनसाठी माणसे एका रुग्णालयातून दुसऱ्यात धावत होती. पीपीई किट घातला की तासन् तास पाणी नाही, लघवी नाही. किट उतरवल्यावर घामाने भिजलेले कपडे पिळून काढावे लागत. त्या दिवसांत आम्ही कामाला नाही म्हणालो नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. दुःख याचे वाटते की लाट ओसरल्यावरही तीच ओढाताण नेहमीची म्हणून चालू राहिली. संकटात दिलेले जादा तास पुढे हक्काचे धरले गेले.

मग मी नोकरी बदलली. धंतोलीतच, थोड्या अंतरावरच्या तेवढ्याच लहान रुग्णालयात आले. काही काळाने तिथे इन्चार्ज झाले आणि ड्युटी लिस्ट माझ्या हाती आली. पहिली लिस्ट करताना मी त्या फिजिशियनचे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवले होते. मालक डॉक्टरांशी बोलून काही गोष्टी ठरवल्या. सलग तीनपेक्षा जास्त रात्री कोणालाही नाही. रात्रींनंतर दोन दिवस मोकळे, आणि रात्रीनंतर लगेच दिवसपाळी तर कधीच नाही. लिस्ट पंधरा दिवस आधी भिंतीवर लागेल. बदल करायचा तर त्या व्यक्तीला विचारून. रात्री मजल्यावर दोन सिस्टर, म्हणजे एकीला अर्धा तास निवांत जेवता येईल. ओव्हरचा वेळ ड्युटीत धरायचा. पैशांची बोलणी बिलिंगचा माणूस करेल, सिस्टर नाही. आणि मावशींसाठी स्टूल.

यात खर्च वाढला. एक जागा जास्तीची भरावी लागली आणि डॉक्टरांनी त्यावर बराच विचार केला. पण पूर्वी दर थोड्या महिन्यांनी सिस्टर सोडून जायची, नवी शोधायची, तिला शिकवायचे, तोवर उरलेल्यांनी डबल ड्युटी करायची. ते कमी झाले. अचानक सुट्या कमी झाल्या. पेशंटची बेल लवकर उचलली जाऊ लागली. माझ्या हाताखालच्या मुलींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे कमी झाली, हे तर मी रोज पाहते. माझा स्वतःचा रक्तदाब आता 130 च्या आसपास असतो. गोळी सुटलेली नाही आणि कदाचित सुटणारही नाही. जळजळ गेली, साखर उंबरठ्यावरून मागे सरली, आणि सुटीच्या दिवशी मी धंतोलीच्या बागेत चार फेऱ्या मारून येते. ही माझ्यासाठी मोठी कमाई आहे.

कायदा आमच्या बाजूने काहीच नाही असे नाही. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रुग्णालयेही येतात. मुळात तो दहा किंवा अधिक माणसांच्या जागांना लागू होता, 2025 च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा अधिक माणसांच्या; तिथे आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि वरच्या तासांना दुप्पट दराने पैसे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली, पण आठवड्याचे 48 तास तसेच ठेवले. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी परिचारिकांच्या पगाराची शिफारस केली: 200 हून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना 20 हजारांच्या खाली नाही. धंतोलीतल्या किती मुली अजून त्याच्या खूप खाली काम करतात, हे माझ्या फोनमधल्या चॅटवरून मला कळते. ज्यांचा पगार 21 हजारांपर्यंत आहे आणि रुग्णालय कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आहे, त्यांनी आपले ईएसआयचे कार्ड काढून पाहावे. आजारपणात, ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर, वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. सोमवारीपेठेत त्यांचे रुग्णालय आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी पगार कापला जाईल या भीतीने तापात ड्युटी करतात, आणि पर्समधले ते कार्ड त्यांनी एकदाही वापरलेले नसते.

या शहरात परिचारिकेच्या कामाला मोठी परंपरा आहे. कमलाताई होस्पेट स्वतः परिचारिका होत्या आणि त्यांनी 1921 मध्ये इथे मातृसेवा संघ उभा केला, धंतोलीपासून हाकेच्या अंतरावर, सीताबर्डीत. त्यांच्या कामातला त्याग सगळे सांगतात. मला त्यांची व्यवस्था उभारण्याची ताकद जास्त मोठी वाटते. एकटीच्या अंगावर सगळे न घेता त्यांनी संस्था बांधली, माणसे शिकवली, काम वाटून दिले. म्हणून ते त्यांच्यानंतरही टिकले.

शेवटी वाचकांना एक विनंती, कारण आज ना उद्या तुमच्यापैकी कोणीतरी आपल्या माणसाला घेऊन धंतोलीत येणार आहे. 2002 मध्ये अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यात लिंडा एकेन यांच्या गटाने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते, आणि परिचारिका कामाने पिचून जाण्याची 23 टक्क्यांनी. म्हणजे आमचा थकवा आमच्यापुरता राहत नाही, तो तुमच्या माणसाच्या खाटेपर्यंत येतो. काउंटरवर तुम्ही एसी खोली आहे का, कॅशलेस चालते का, मुक्कामाला नातेवाईक किती, हे सगळे विचारता. त्याबरोबर हेही विचारा: रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, आणि ती किती तासांपासून उभी आहे? हा प्रश्न आम्ही विचारला की त्याला तक्रार म्हणतात. तुम्ही विचारलात तर मालकाला उत्तर द्यावे लागेल, आणि दहा जणांनी विचारले तर ड्युटी लिस्ट बदलेल.